वर गेलेला मुरली

गाडी आली. धुक्यातून आधी तिचा दिवा दिसला, मग तोंड दिसलं, मग डबे दिसले, आणि पाहुणे काही उतरले नाहीत.

पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे. भोकरीचे सातपुते. नाना, म्हणजे माझे वडील, सकाळपासून फलाटावर उभे. धोतर कडक, टोपी नवी, आणि आज हातात भज्यांची पाटी नव्हती, त्यामुळं हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. गाडीतून एक शेळी उतरली. तिच्यामागून शेळीवाला. गार्डानं हिरवी झेंडी दाखवली, गाडी बोगद्यात शिरली, आणि फलाटावर नाना एकटे राहिले.

मी खिडकीत बसले होते. आमच्या घरापासून फलाट म्हणजे ओसरी उतरली की आलाच. आई मागून माझ्या वेणीत अबोली खोवत होती, ती थांबली.

"आले न्हाईत का?"

"शेळी आली," मी म्हणाले.

"दात काढू नकोस हौसा! दिवस काय, बोलतेस काय!"

तेवढ्यात वरून हाक आली. "ओऽ पवळेऽऽ!"

आमच्या दरीत हाक एकटी कधी राहत नसे. समोरच्या कड्यानं ती झेलली, अलीकडच्या कड्याला दिली, आणि मग ती नदीवरून कितीतरी वेळ वाहत गेली. आम्ही वर बघितलं. वर नुसतं धुकं. माणूस दिसेना, कडा दिसेना, फक्त आभाळातून कुणीतरी आमचं आडनाव घेत होतं.

"अगं बाई! एस्टीनं आले की काय!" आई ओसरीवर धावली. "अवं, ऐकलं का? पाव्हणं वर सडकेला उतरल्यात. जावा, घिऊन या."

नाना जागचे हलले नाहीत. "गाडीनं या म्हणून सांगितलं हुतं."

"सांगितलं हुतं, पर न्हाई आले. आता काय त्यास्नी परत पाठवून गाडीनं बोलवायचं?"

"म्या वर जायचो न्हाई. तुला ठाव हाय."

"मग काय नवरीनं जायचं आणायला?"

आईनं कपाळाला हात लावला. माझं लग्न त्या क्षणी आभाळ आणि नदी यांच्यामध्ये कुठंतरी लोंबकळत होतं, आणि मला खरं सांगायचं तर हसूच येत होतं. मला तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं.

आमचं नळदरं कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन्हीकडं उभे कडे, मध्ये वाघी नदी. नदीकाठचा खडक फोडून काढलेल्या पट्टीवर रूळ, आणि रुळांना धरून एका ओळीत घरं. दुसरी ओळ घालायला जागाच नव्हती. म्हणून आमच्या गावाला एकच बाजू. समोर राहणारं कुणी नाही, समोर गाडी. ऊन आमच्याकडं उशिरा यायचं आणि लवकर जायचं. त्याची एक पट्टी गावाच्या या टोकापासून त्या टोकाला सरकत जायची, आणि बायका पापड-कुरडयांची सुपं उचलून तिच्यामागं सरकत जायच्या. दुपार झाली की अख्खं गाव बोगद्याच्या तोंडाशी उन्हात बसलेलं असायचं. आजही डोळे मिटले की मला ती उन्हाची पट्टी दिसते, आणि तिच्या कडेकडेनं चाललेली आई दिसते.

रूळ येण्याआधी म्हणे इथं काहीच नव्हतं. नदी ओलांडायची जागा होती, बैलांचे तांडे पाणी प्यायला थांबायचे. मग रूळ आले आणि बैलांच्या जागी इंजिन पाणी प्यायला थांबायला लागलं. ते पाणी पीत उभं असेपर्यंत उतारू खाली उतरून भजी खायचे. पळसाच्या पानावर कांद्याची भजी, वर तळलेली मिरची. त्या भज्यांवर आमचं गाव उभं राहिलं म्हणा ना! आजोबांनी भजी विकली, नानांनी भजी विकली. मग एक दिवस नवं इंजिन आलं. त्याला मेल्याला तहानच नव्हती. ते यायचं, एक श्वास घ्यायचं आणि जायचं. उतारू दारात उभे राहून भज्यांकडं बघत बघत पुढं निघून जायचे.

त्याच सुमाराला वरून सडक आली. खाली आणायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती कड्यावरून नेली आणि जिथं दरी अगदी चिंचोळी, तिथं आमच्या डोक्यावर पूल टाकला. आम्हाला खालून कठड्यावरून सरकणारं एस्टीचं टप तेवढं दिसायचं. चाकं कधी दिसली नाहीत. लहान असताना मला वाटायचं एस्टीला चाकं नसतातच, ती धुक्यावरून घसरत जाते.

पुलाच्या तोंडाशी फाटा झाला, आणि हळूहळू गाव वर जायला लागलं. आधी न्हावी वर गेला. मग शिंपी वर गेला. पिठाची गिरणी वर गेली तेव्हा आई रडली होती, कारण तेव्हापासून दळण डोक्यावर घेऊन कड्यात खोदलेल्या पायऱ्या चढाव्या लागल्या. अमका कुठाय? वर गेला. तमक्याची बायको? तीही वर गेली. आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ एवढाच, की माणूस फाट्यावर राहायला गेला. आणि माणूस मेला तर? मसणवटा नदीच्या खालच्या अंगाला, बोगद्यापलीकडं. म्हणून मेलेला माणूस 'खाली गेला'. बाकीची दुनिया याच्या बरोबर उलटं बोलते हे आम्हाला माहीतच नव्हतं. माहीत असायला आम्ही गेलो कुठं होतो?

माझा थोरला भाऊ मुरलीधर, तोही वर गेला होता.

त्यानं नानांना पुष्कळ समजावलं होतं. "नाना, गाडी आता थांबत न्हाई. वर ट्रक थांबत्यात, माणसं भुकेली असत्यात. आपण वर जाऊ." नाना म्हणाले, "ज्या गाडीनं तुला दूध पाजलं तिला पाठ दाखवतोस?" बोलता बोलता आवाज चढले. शेवटी नाना म्हणाले, "जा. वर गेलास की पुन्हा खाली पाय ठेवू नको. म्या बी वर यायचो न्हाई." मुरलीदादानं कढई उचलली, झारा उचलला आणि पायऱ्या चढून गेला. त्या दिवसापासून नानांनी त्याचं नाव घेतलं नाही. घरात ते नाव निघालं की आई डोळ्याला पदर लावायची आणि नाना भिंतीकडं बघायचे. इतकं जवळ राहून माणूस इतका लांब जातो, याचं मात्र मला हसू येत नसे.

तर पाहुणे आपले आपणच खाली उतरून आले. पुढं मुलाचे मामा, केशवराव, घामाघूम आणि वैतागलेले. मागं मुलाची आई अहिल्याबाई, अंगानं जाड, चेहऱ्यानं गोड. आणि सगळ्यांत मागं मुलगा, जनार्दन. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. एक पाय चपलेत, एक चप्पल हातात, असा तो माझ्या आयुष्यात आला.

"काय हो पवळे," मामा टेकता टेकता म्हणाले, "हे गाव आहे की विहीर?"

"गाडीनं आला असता तर दारात उतरला असता," नाना म्हणाले.

अहिल्याबाई पाणी प्यायल्या आणि हसल्या. "चालायचंच हो. वाट दाखवायला वर एक पोरगा भेटला, हॉटेलवाला. भट्टी पेटती टाकून आला, माझी पिशवी खांद्यावर घेतली, हाताला धरून उतरवलं मला. निम्म्या वाटेवर उंबर आहे ना, तिथपर्यंत आला आणि म्हणाला, मावशी, इथून पुढं मला येता येत नाही. का ते काही बोलला नाही. काय गुणी पोरगा! मी म्हटलं, ज्या आईबापाचा हा आहे ते भाग्यवान."

आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. नानांनी भिंतीकडं बघितलं. मी दाराआड पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते.

मग नेहमीची विचारपूस सुरू झाली. मामांना घराण्याची माहिती हवी होती.

"घरात वडीलधारं कोण?"

"आमचे वडील हुते," नाना म्हणाले. "ते खाली गेले."

"अस्सं. येतील मग इतक्यात. आम्ही थांबतो, गाठ घेऊनच जाऊ."

आईनं घाबरून दाराकडं बघितलं. आजोबा जाऊन मी जन्मायच्या आधीची गोष्ट. मला वाटलं, भोकरीची माणसं जरा विचित्र आहेत, पण हौशी दिसतात.

"आणि मुलगा?" अहिल्याबाईंनी विचारलं. "मध्यस्थ म्हणाले होते एक मुलगा, एक मुलगी. मुलगा कुठं दिसत नाही."

आईनं पदर डोळ्याला लावला. नाना भिंतीकडं बघत म्हणाले, "थोरला ना? तो वर गेला."

"अरे देवा," अहिल्याबाई म्हणाल्या.

मामांनी टोपी काढली. जनार्दननं मान खाली घातली. मला काही समजेना. न्हावी वर गेला तेव्हा कुणी टोपी काढली नव्हती.

अहिल्याबाई उठून आईजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेऊन बसल्या. "बाई गं, मी समजू शकते. माझा धाकटा काविळीनं गेला. जनूच्या पाठचा. सहा महिने मी कुणाशी बोलले नाही."

आईला वाटलं, बाई स्वतःच्या मुलाचं सांगताहेत आणि आपल्या दुःखाला सोबत करताहेत. ती आणखीच रडायला लागली. दोघी एकमेकींच्या गळ्यात. एकीचा मेलेला, एकीचा फाट्यावर भजी तळत असलेला, आणि रडणं मात्र एकच.

मी नानांकडं बघितलं. नाना सगळा जन्म फलाटावर काढलेले. गावोगावचे उतारू ऐकलेले. बाहेरच्या बोलीत 'वर गेला' म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, की चूक काय झालीय हे त्यांना कळलंय. एक शब्द बोलले असते तर सगळे हसले असते आणि पोहे खाल्ले असते. पण नाना बोलले नाहीत. नुसती टोपी सारखी केली. मला इतका राग आला की हातातल्या बशा मी तिथंच जमिनीवर ठेवल्या.

"नाव काय हो त्याचं?" अहिल्याबाईंनी नानांना विचारलं.

नानांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"घ्या हो नाव. मी माझ्या धाकट्याचं नाव रोज घेते, दिवा लावताना. नाव घेतलं नाही ना, की घर हळूहळू विसरतं माणसाला. मग आपण एकटेच आठवत बसतो."

नानांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "मुरलीधर."

आईनं रडणं थांबवून नानांकडं बघितलं. इतक्या दिवसांत ते नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"देव त्याला शांती देवो," मामा म्हणाले. मग जरा वेळानं, व्यवहाराला धरून, त्यांनी विचारलं, "वर्षश्राद्ध झालं असेल ना? म्हणजे मुहूर्त बघायला बरं."

"श्राद्ध?" आई म्हणाली. "कुणाचं श्राद्ध?"

"मुलाचं."

"माज्या मुरलीचं?" आई उभीच राहिली. "काय बोलताय काय तुमी! माजा पोरगा जित्ता हाय! वर गेलाय म्हंजे वर गेलाय! फाट्यावर! भजी तळतोय तिथं!"

आता बोलायची पाळी कुणाची तेच कुणाला कळेना. मामा म्हणाले, "मग तुमचे वडील? ते येणार होते ना खालून?"

"ते कुठले येत्यात! ते मेले!"

मी दाराआड मटकन खाली बसले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला. खरंच सांगते, हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

पण मामांना हसू आलं नाही. ते लालबुंद झाले. "म्हणजे जिवंत मुलगा मेला म्हणून सांगता? आणि मेलेला बाप येतोय म्हणता? पवळे, ही काय थट्टा आहे? एवढ्या गोष्टी उलट्या, तर मुलीबद्दल काय काय उलटं असेल! ऊठ रे जनू. दुपारची एस्टी आहे."

"गावची बोली तशी हाय हो," आई रडकुंडीला आली. "आमी असंच बोलतो."

"तुम्ही बोलता. पण आम्ही काय समजलो हे यांना कळलं नव्हतं का?" मामांनी नानांकडं बोट केलं. "मी बघत होतो. यांना कळत होतं."

आई सावकाश नानांकडं वळली. नाना खाली बघत होते.

"तुमास्नी कळत हुतं?" तिनं विचारलं. "ही माय माज्या पोरासाठी रडत हुती, आन् तुमी बसून ऱ्हायलात? जित्त्या पोराला मेलेला म्हणू दिलंत?"

नाना म्हणाले, "म्या काय बोललो न्हाई."

"व्हय. काईच बोलला न्हाईत." आईचा आवाज एकदम खाली आला. तिला इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. "आजवर काय बी म्हणालात, ऐकलं. हे मातर माज्यानं ऐकून घेववणार न्हाई."

मामा अंगणात पोचले होते. जनार्दन एक चप्पल हातात घेऊन घुटमळत होता. माझं लग्न मोडलं हे मला तेव्हा नीट समजलं, आणि आश्चर्य म्हणजे वाईट वाटलं. एका चपलेच्या त्या मुलानं मी उभी होते त्या दाराकडं एकदाही वाकड्या नजरेनं बघितलं नव्हतं.

अहिल्याबाई मात्र बसल्याच होत्या. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं.

"पवळेदादा," त्या म्हणाल्या, "मला राग नाही आला. पण मी तुमच्या मुलासाठी रडले. खरं रडले. आता तो जिवंत आहे म्हणता, तर मला त्याला डोळ्यांनी बघू द्या. तुम्ही दाखवा. तुम्ही स्वतः म्हणा, हा माझा मुलगा. मग मी पुढचं बोलेन."

"तुमी भेटलाय त्याला," नाना कसेबसे म्हणाले. "तुमची पिशवी आणली तो."

अहिल्याबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. "तो? त्याला तुम्ही मेलेला म्हणू दिलंत?"

नाना उठले. आता हे बाहेर जाऊन फलाटावर बसणार, असं मला वाटलं. ते ओसरी उतरले, फलाटावर गेले नाहीत, डावीकडं वळले आणि पायऱ्या चढायला लागले. पहिल्या पायऱ्या ते भरभर चढले, मागं कुणी येतंय की नाही हेही बघितलं नाही.

मग काय, सगळेच निघाले. आई, अहिल्याबाई, मीसुद्धा. घराला कडी घालायची शुद्ध कुणाला नव्हती. मामा पुढं फणफणत, आणि मी जनार्दनच्या मागं. बघायला आलेल्या मुलानं आणि दाखवायच्या मुलीनं असं एका वाटेनं चालणं म्हणजे तेव्हा अघटितच. धुकं विरळ होत चाललं होतं. कड्यातून झिरपणारं पाणी पायऱ्यांवरून पातळ वाहत होतं.

उंबराशी जनार्दन दम खायला थांबला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडं मेल्यावर माणूस खाली जातो?"

"हो."

"आणि लग्न झाल्यावर?"

"ते अजून ठरलं नाही," मी म्हणाले. तो हसला. त्याचं हसणं मला आवडलं.

वर पोचलो तेव्हा ऊन होतं. आमच्या गावात कधी दिसत नाही असं, चहूबाजूंनी पडलेलं ऊन. सडक तापली होती. एक ट्रक पुलावर उभा होता आणि त्याची चाकं मला दिसत होती. मुरलीदादाचं हॉटेल म्हणजे चार बांबू, वर पत्रे आणि दोन बाकडी. तो मागच्या बाजूला भट्टीशी होता. आम्हाला बघून तो उभा राहिला. हातातल्या झाऱ्यातून तेल टपकत होतं, पण त्याला भान नव्हतं.

नानांना धाप लागली होती. बोलता येईना. एक हात छातीवर, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी मुरलीदादाकडं बोट केलं. अहिल्याबाईंकडं बघून म्हणाले, "हा आमचा मुरलीधर. माजा मुलगा."

एवढंच. दादाचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आई पुढं होऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि अहिल्याबाईंनी पलीकडून त्याची पाठ थोपटली. "शंभर वर्षं जगशील रे बाबा," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी तुझ्यासाठी दोन आया रडल्यात." मग मामांकडं वळून, "केशव, सुपारी फोड."

"इथं? सडकेवर?"

"इथंच. मुलीच्या भावाच्या दारात."

मामा काही बोलणार होते, पण बहिणीचा चेहरा बघून त्यांनी सुपारी काढली. सुपारी फुटली. मी आईच्या मागं उभी राहून माझ्या पायांकडं बघत होते. समोर एक अनवाणी पाय होता, धुळीनं भरलेला.

तेवढ्यात खालून शिट्टी आली. दुपारची गाडी. नाना दचकून उठले. एवढ्या वर्षांत गाडी आली आणि नाना धडधाकट असून फलाटावर नाहीत, असं घडलं नव्हतं. ते धडपडत भट्टीपलीकडं कड्याच्या टोकाशी गेले. मी त्यांच्यामागं गेले, कारण मला वाटलं ते तोल जाऊन पडतील.

खाली आमचं गाव होतं. मीही ते वरून नीट कधी बघितलं नव्हतं. दळणाचं ओझं डोक्यावर घेऊन चढायचं आणि उतरायचं, मान कधी वळवली नव्हती. एक ओळ घरांची, नखानं ओढल्यासारखी. वाघी नदी चकाकत होती. इवलीशी गाडी बोगद्यातून निघाली, मुंगीच्या चालीनं फलाटापर्यंत आली, आणि तिच्या चाकांचा आवाज ती थांबल्यावर आमच्यापर्यंत पोचला. फलाटावर कुणी नव्हतं.

"एवढंसंच हाय?" नाना म्हणाले.

मुरलीदादा त्यांच्या शेजारी येऊन उभा होता. "आज फलाट रिकामा दिसतोय," तो म्हणाला.

"तुला हितनं दिसतं?"

"रोज दिसतं. भट्टी त्यासाठीच मागं घातली. समदी म्हणतात येडा हायेस, गिऱ्हाईक सडकंला, आन् तू पाठ फिरवून तळतोस." त्यानं खाली फलाटाकडं बोट केलं. "गाडी आली की तुमी आदी टोपी सारखी करता. मग पाटी उचलता. मागच्या महिन्यात दोन दिवस उठला न्हाईत गाडीला. म्या उंबरापतुर आलो हुतो. फुडं येता येईना."

नाना खाली बघत राहिले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. "ताप हुता," ते म्हणाले.

"वाटलंच मला."

खाली गाडीनं श्वास घेतला आणि निघाली. ती दुसऱ्या वळणाआड जाईपर्यंत दोघे तिच्याकडं बघत राहिले. मग नाना म्हणाले, "म्या वर ऱ्हायला यायचो न्हाई बरं का. माजी गाडी हाय तवर म्या तिथंच."

"म्या कुठं म्हणतोय या म्हणून."

"उद्या गाडी आली की बघ. हात करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. कडा दिसत नव्हता, पूल दिसत नव्हता, समोरची नदीसुद्धा दिसत नव्हती. गाडी आली. नानांनी टोपी सारखी केली. मग पाटी उचलायच्या आधी त्यांनी वर, त्या पांढऱ्या धुक्यात तोंड करून हात केला. वर काहीच दिसत नव्हतं. गाडी निघून गेली, उतारू निघून गेले, भजी पाटीत निवाली, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.